पहिली चूळ

माझा दहावीतला मुलगा शाळेच्या नावाने निघून कापसाच्या जिनिंगमागच्या पडक्या शेडमध्ये बसतो, हे मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं, तेव्हा माझी श्रद्धा डळमळली. मी आमच्या बंजारा तांड्यातला पहिला पदवीधर. दिग्रसला नोकरी लागली, घर झालं, दर वर्षी न चुकता देवीला भोग लावला. तरी आमच्याच घरी हे का? तंबाखू-सुपारीच्या खर्र्यापासून सुरू झालेलं गांजापर्यंत गेलं होतं. मी सगळा दोष त्याच्या मित्रांवर टाकला. एकाला दारातच अडवून नाही नाही ते बोललो. तो मान खाली घालून म्हणाला, "काका, मी नाई शिकवलं. पहिला खर्रा त्यानं तुमच्याच पन्नीतला खाल्ला." मी त्याला हाकलून दिलं.

मग तांड्यावर नेऊन मुलाला देवीपुढे शपथ घ्यायला लावायचं ठरवलं. तो सोबत आला. मंदिरासमोर गोवऱ्यांचे निखारे फुलले होते, तूप-गुळाचा भात तयार होता. आमच्यात उष्ट्या तोंडाने भोग लावत नाहीत, म्हणून एक म्हातारी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. ओळखीची नव्हती, कुणाकडे पाहुणी आली असावी. मी मुलाला पुढे केलं. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तांब्या माझ्यासमोर धरून म्हणाली, "पहिले तू चूळ भर, बाप्पा. गालात काय हाय तुह्या?"

गालात खर्रा होता. बसस्टँडवर मुलालाच पानठेल्यावर पाठवून आणवला होता. लहानपणापासून मी त्याला असाच पाठवत आलो. सुपारी कडक आहे का, चाखून आण, असंही सांगायचो.

मी चूळ भरली. मुलाने माझ्या हातून तांब्या घेतला, बाजूला जाऊन त्यानेही चूळ भरली. त्याच्याही चुळीचं पाणी तपकिरी होतं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. शपथ राहूनच गेली. निखाऱ्यावर भोगाचा भात सोडताना त्याच्यासाठी मागायचं सगळं मी विसरलो. एवढंच म्हटलं, आई, आता तूच सांभाळ, आम्हा दोघांनाही.

निघताना म्हातारीला शोधलं, भेटली नाही. ती कोण, हे मी कुणाला पटवत बसत नाही. मुलगा त्यानंतर दोनदा घसरला, एकदा मीही. त्या मित्राच्या घरी जाऊन मी माफी मागितली. तो आता आमच्याकडे अभ्यासाला येतो. रोज सकाळी दिवा लावण्याआधी मी चूळ भरतो, आणि तांब्यासाठी मुलगा मागे उभा असतो.