गर्जे सरांचा शेवटचा प्रश्न

गर्जे सरांच्या युनिटला लागलेली मुलं चहाशिवाय वॉर्डात पाऊल टाकत नाहीत, असा नगरजवळच्या त्या मेडिकल कॉलेजात समज होता. तो अर्धाच खरा होता. मुलं चहा घेत, पण प्यायची घाई करत नसत. ग्लास दोन्ही तळव्यांत धरून टपरीसमोर उभी राहत. गार हात लागला की रुग्णाचं पोट आवळून येतं आणि आवळलेल्या पोटातून काहीच कळत नाही, हे सर्जरीचे प्राध्यापक डॉ. मच्छिंद्र गर्जे यांचं पहिलं सूत्र. वॉर्डाच्या दाराशी सर एकेकाचा हात हातात घेऊन बघत, आणि गार लागला तर "जा, अजून एक घे" म्हणून माघारी पाठवत. भर उन्हाळ्यातही यात सवलत नव्हती. टपरीवाल्यानं देवाच्या फोटोशेजारी सरांचा फोटो लावायचा तेवढा बाकी ठेवला होता.

सर पाथर्डी तालुक्यातले. अंगानं किडकिडीत, आवाज मात्र आडनावाला शोभणारा. नगरात घर करून जमाना झाला, तरी रुग्ण समोर आला की जिभेवरचं पुस्तक गळून पडे आणि थेट गावची बोली सुरू होई. पुण्यामुंबईकडची मुलं पहिल्या आठवड्यात बावचळून जात. 'कळ येती', 'मुरडा मारतो', 'पोट गच्च झालंय', 'आग पडती' या सगळ्यांत फरक काय, हे सर त्यांच्याकडून पाढ्यांसारखं घोकून घेत. पोट दाबताना पोटाकडे बघायचं नाही, माणसाच्या तोंडाकडे बघायचं. आणि त्याला खोकायला लावलं की तोंडाकडे बघायचं नाही, हाताकडे बघायचं. खोकताना हात आपोआप जिथं जातो, तिथं दुखणं असतं, असं सर सांगत.

मुलं सगळ्यात जास्त बोलणी खात ती जांघेपायी. लाजेनं म्हणा, विसरून म्हणा, तपासणी बेंबीच्या थोडं खाली जाऊन थांबायची. "पोट शर्टाच्या टोकाला संपत नाही, जांघेत संपतं," सर गरजायचे. "पोट फुगलंय, उलट्या होतायत, म्हणून तुम्ही वर ठोकत बसणार, आणि आतडं खाली जांघेतल्या हर्नियात अडकून काळं पडणार." सुकन्या नावाची श्रीरामपूरची एक हळू बोलणारी मुलगी एकदा अशीच जांघ बघायची विसरली होती. सर तिला इतकं बोलले की ती पुढचे काही दिवस भाजीवालीकडचा दुधी भोपळासुद्धा खालपर्यंत तपासून घेते, असं मैत्रिणी सांगत.

पण सरांचं खरं वेड म्हणजे शेवटचा प्रश्न. सगळं विचारून झालं, तपासून झालं की मुलानं रुग्णाला विचारायचं, "आज ऑपरेशन सांगितलं तर कधी करता?" आणि जे उत्तर येईल ते त्याच शब्दांत निदानाखाली लिहायचं. हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. उत्तरं नाना तऱ्हेची येत. जत्रा झाल्यावर. पोरीचं बाळंतपण उरकल्यावर. आणि सगळ्यात जास्त येणारं, पट्टा पडल्यावर. पट्टा पडणं म्हणजे साखर कारखान्याचा हंगाम संपणं. पाथर्डीकडची निम्मी गावं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला निघून जातात, आणि त्यांची दुखणीही त्यांच्याबरोबर ट्रकात बसून जातात. "गाठीनं माणूस मरत नाही," सर म्हणत, "या उत्तरानं मरतो."

हे वेड कुठून आलं, ते मुलांना ठाऊक नव्हतं. सरांचे वडील गोरक्षनाथ ऊस तोडायचे. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढायचे. त्यांच्या जांघेत गाठ होती आणि ती धोतराच्या आत फडक्यानं करकचून बांधून ते काम करायचे. पट्टा पडल्यावर दाखवू, असं त्यांनी बायकोला सांगितलं होतं. हंगामाच्या मध्यावर, श्रीरामपूरकडच्या एका उसाच्या फडात गाठ अडकली. दवाखान्यात पोचेपर्यंत दुसरा दिवस मावळला होता. मच्छिंद्र तेव्हा शाळेत होता. त्याला वडिलांच्या मरणापेक्षा त्या फडक्याची चीड जास्त आली होती आणि ती अजून गेली नव्हती.

आता पुढची गोष्ट सांगायला खरं तर लाज वाटते, पण सांगितल्याशिवाय सर कळायचे नाहीत. गर्जे सरांना स्वतःला हर्निया होता.

दोन वर्षांपूर्वी गावाहून आईनं बाजरीचं पोतं दिलं. लिफ्ट बंद होती. वॉचमनला हाक मारायची सोडून सरांनी पोतं खांद्यावर घेतलं आणि तिसऱ्या मजल्यावर नेलं. त्या संध्याकाळी न्हाणीघरात उभं राहून ते एकदा खोकले आणि निदान झालं. इतकं झटपट आणि अचूक निदान त्यांनी आयुष्यात केलं नसेल. मग त्यांनी काय करावं? जांघेला बांधायचा बेल्ट आणला. तोही नगरातून नाही. नगरातला प्रत्येक मेडिकलवाला ओळखीचा, म्हणून खास पुण्याला जाऊन. तेव्हापासून सरांचा शर्ट पँटीच्या बाहेर आला आणि डावा हात पँटीच्या खिशात गेला. मुलांना वाटलं, सर वयानुसार ऐटीत राहायला लागले.

बायकोला, जयाताईंना, अर्थातच कळलं. त्या शाळेत गणित शिकवायच्या, त्यांना उत्तर लांबवलेलं आवडत नसे. "कधी करताय?" त्या विचारायच्या. "इन्स्पेक्शन होऊ दे," सर म्हणायचे. इन्स्पेक्शन झालं. मग परीक्षा आल्या. परीक्षा झाल्यावर नवी बॅच आली, आणि नव्या बॅचच्या पुन्हा परीक्षा आल्या. खरं कारण साधं होतं. सर घाबरत होते. हजारो पोटं उघडलेल्या माणसाला आपलं पोट कुणाच्या हाती द्यायचं म्हटलं की घाम फुटायचा. शिवाय नगरातले बहुतेक सर्जन त्यांचेच विद्यार्थी, त्यामुळे कोण टाक्याची गाठ कशी मारतो हे त्यांना नको तितकं माहीत होतं.

असा तो माणूस, आणि दिवाळी तोंडावर आलेली असताना त्याच्या युनिटची प्रिलिम आली.

प्रिलिमला सुकन्याच्या वाट्याला हर्नियाची केस होती. केस म्हणजे बिभीषण, पाथर्डीकडचा ऊसतोड कामगार. सरांनी त्याला मोठ्या मिनतवारीनं दाखल करून घेतलं होतं. मुलांची परीक्षा झाली की ऑपरेशन, असं ठरलं होतं. सकाळी मुलं चहाचे ग्लास धरून, हात गरम करून वॉर्डात आली, तर बिभीषणची खाट रिकामी. उशाशी नेहमी असायची ती पिशवीही नाही. नर्स म्हणाली, "पहाटेच गेला सर. टोळीच्या मुकादमाचा फोन आला, गावातून ट्रक निघाला म्हणून."

सर संतापले. बिभीषणवर, मुकादमावर, कारखान्यावर, झाडून सगळ्यांवर. बोलता बोलता ठसका लागला आणि ते जोरात खोकले. डावा हात खिशातून निघाला आणि जांघेवर घट्ट दाबला गेला.

सुकन्या समोरच उभी होती. तिनं तोंडाकडे बघितलं नाही, हाताकडे बघितलं. तिला शिकवलंच तसं होतं.

सरांच्या काही ध्यानात आलं नाही. "केस नाही म्हणून परीक्षा चुकायची नाही," असं म्हणून ते बूट काढून खाटेवर चढून बसले. "मीच बिभीषण. घे हिस्ट्री. बाकीच्यांनी ऐका." त्यांना नाटकाची भारी हौस. गॅदरिंगमध्ये दर वर्षी पाटलाचं काम त्यांचंच असे.

सुकन्यानं स्टूल ओढलं. "नाव काय तुमचं?"

"बिभीषन."

"काम काय करता?"

"ऊस तोडतो, बाई. मोळ्या वाहतो." सर रंगात आले होते. मुलं गालात हसत होती.

"त्रास काय होतोय?"

"जांघंत गाठ आलीय. डाव्या अंगाला."

"कधीपासून?"

"दोन वर्सं झाली आसतील."

"निजल्यावर आत जाते का?"

"जाती की. उभा ऱ्हायलो का पुन्हा येती."

"कशानं सुरू झालं, आठवतंय का?"

"आठवतंय ना. बाजरीचं पोतं न्हेलं खांद्यावर, तिसऱ्या मजल्यावर."

करण नावाचा मुलगा मागून फिसकन हसला. उसाच्या फडात तिसरा मजला कुठून आला, असं त्याला वाटलं असावं. सरांनी डोळे वटारले, पण कपाळावर घाम आला होता. सुकन्या हसली नाही. "गाठीवर काही बांधता का?" तिनं विचारलं.

सरांनी शर्टाचं टोक खाली ओढलं. "बांधतो," ते म्हणाले. आवाजातला पाटील गेला होता.

"दुखतं कधी? उलट्या, पोट फुगणं, शौचाला न होणं?"

"न्हाई. आजून न्हाई."

आता फक्त शेवटचा प्रश्न राहिला होता. सुकन्याचा आवाज आधीच बारीक, तो आणखी बारीक झाला. "बिभीषणभाऊ, आज ऑपरेशन सांगितलं तर कधी करता?"

उत्तर सरांना पाठ होतं. शेकडो वेळा ऐकलं होतं. पट्टा पडल्यावर, एवढंच म्हणायचं होतं. पण तोंडातून भलतंच बाहेर आलं, आणि तेही सवयीच्या, सरावाच्या सुरात.

"परीक्षा झाल्यावर."

कुणी हसलं नाही. करणसुद्धा खाली बघायला लागला. ऊसतोड्या बिभीषणला कसली परीक्षा, हे तिथल्या प्रत्येकाला कळलं होतं. सर रिकाम्या पिशवीसारखे खाटेवर बसून राहिले. रापलेल्या हातांनी फडक्याची गाठ मारणारे वडील त्यांना दिसले. इतकी वर्षं ज्या माणसावर रागावलो, त्याच्याच शेजारी आपण येऊन बसलोय, हे त्यांना लख्ख कळलं आणि फार शरम वाटली. डोळे भरून आले. चादरींना धूळ फार झाली आहे, असं ते नर्सला म्हणाले. चादरी आदल्याच दिवशी बदललेल्या होत्या.

"निदान सांग," ते सुकन्याला म्हणाले.

"डाव्या जांघेतला हर्निया, सर. आत जातोय. अडकलेला नाही." मग तिनं हळूच जोडलं, "अजून."

"आणि खाली काय लिहिशील?"

सुकन्यानं सरांकडे बघितलं. पेन हातात तसंच.

"लिही की. रुग्ण बोलला त्याच शब्दांत. मी काय शिकवलंय?"

तिनं लिहिलं. सरांनी बूट घातले, बाकीच्यांच्या केसेस घेतल्या आणि नेहमीइतकेच सगळ्यांना ओरडले. मग वॉर्डाबाहेर जाऊन त्यांनी जयाताईंना फोन लावला. "सोमवारी करू," एवढंच म्हणाले. काय, ते जयाताईंनी विचारलं नाही.

ऑपरेशन अश्विनीनं केलं. ती त्यांचीच विद्यार्थिनी, आता त्याच कॉलेजात शिकवणारी, आणि जिच्या टाक्यांच्या गाठींना सर शेवया म्हणायचे तीच. कमरेखाली बधिर केलेलं असल्यामुळे सर जागे होते आणि पडद्याआडून सूचना देत होते. शेवटी अश्विनीनं भूल देणाऱ्या डॉक्टरांना काहीतरी खुणावलं आणि थोड्या वेळात सर घोरायला लागले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पडल्या पडल्या बिभीषणला फोन लावला. "पट्टा पडल्यावर येतोच की सर," तिकडून आवाज आला. "मी निजलोय हितं ऑपरेशन करून," सर म्हणाले. "तुझी खाट मोकळीच हाय." बराच वेळ तिकडून नुसता ट्रॅक्टरचा आवाज येत राहिला. मग बिभीषण म्हणाला, "मुकादमाला इचारतो." आतापर्यंत तो तेवढंही म्हणाला नव्हता.

सुकन्या सकाळच्या राउंडला आली. तिचे हात टपरीवरच्या ग्लासानं चांगले ऊबदार झाले होते. तिनं तोंडाकडे बघत पोट तपासलं आणि लाजत, पण न चुकता, दुसऱ्या बाजूची जांघही बघितली. सर म्हणाले, "पास."

दुपारी गावाहून आई आली. रंगुबाई. एसटीतून उतरून, बाहेरच्या नळावर हातपाय धुऊन ती आत आली आणि लेकाच्या उशाशी बसली. जयाताईंनी तिला खाटेवरच्या परीक्षेची गोष्ट सांगितली. म्हातारी पदर तोंडाशी धरून हसली. मग हसता हसता थांबली.

"तुझ्या बापाला बी कुनी आसं इचारलं आसतं," ती म्हणाली, "तर त्यो बी खोटंच बोलला आसता. पन त्या पोरीनं धरलं आसतं त्याला."

आणि तिनं सदरा वर सारून लेकाच्या पोटावर हात ठेवला. नळाच्या पाण्यानं हात पार गार पडला होता. सरांनी तिला माघारी पाठवलं नाही.