एक ते दीड

आमच्या हॉलमध्ये माणसाला नाव नसतं, काम असतं. मी कॉलरवाली. माझ्या डाव्या हाताला खिसेवाली, तिच्या पलीकडे काजवाली आणि उजव्या हाताला, चोवीस वर्षं एकाच खुर्चीवर, बाह्यावाली. तिला सगळे अक्का म्हणायचे, तिच्याहून मोठे होते तेसुद्धा. शर्ट शिवण्यात बाही लावणं हे सगळ्यात नाजूक काम. खांद्याच्या गोलाईवर कापड जरा दाबून, जरा सोडून घ्यावं लागतं, नाहीतर चुणी पडते. अक्काच्या बाहीला चुणी पडलेली मी कधी पाहिली नाही.

तिच्याबद्दल आता लोक वाट्टेल ते बोलतात. कुणी म्हणतं डोक्यावर परिणाम झाला, कुणी म्हणतं माज आला. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? पण तिच्या शेजारी मी बसले होते, ते नव्हते. तेव्हा खरं काय झालं ते मीच सांगते.

एका मंगळवारी दुपारी तपासणीच्या टेबलावरून चाळीस शर्टांचा गठ्ठा परत आला. विसांना दोन्हीकडे डाव्या बाह्या लागल्या होत्या, विसांना दोन्हीकडे उजव्या. मनगटाजवळची चीर मागच्या बाजूला यायला हवी, तर प्रत्येक शर्टाच्या एका बाहीची चीर पोटाकडे तोंड करून बसलेली. हॉलमध्ये हशा पिकला. काजवाली म्हणाली, "राहू दे गं अक्का, वीस डावखुऱ्यांना खपवू!"

अक्का हसली नाही. सगळ्या चुकलेल्या बाह्या तिने उसवल्या, पुन्हा लावल्या, संध्याकाळ झाली. नळावर हात धुताना मला म्हणाली, "मला सकाळ आठवत नाहीये."

"कसली सकाळ?"

"आजची. नऊ ते एक. एवढ्या बाह्या लावल्या, त्यातली एक आठवत नाही. तू माझ्याशी काही बोललीस का गं?"

"बोलले की! पोरीच्या परीक्षेचं सगळं सांगितलं. तू हूं हूं करत होतीस."

"मी तिथे नव्हतेच."

"मग कुठे होतीस?"

"तेच तर. कुठेच नव्हते." तिने नळ बंद केला. "अशा किती सकाळी गेल्या असतील, सांग ना."

मी तिला म्हटलं, थकलीयेस, जा आणि झोप. घरी जाताना मी माझी सकाळ आठवून पाहिली. चार तासांतलं काही हाताला लागेना, तेव्हा घाबरून पोरीला फोन लावला आणि उगाच काहीतरी बोलत राहिले.

दुसऱ्या दिवशी जेवणाची सुट्टी झाली. ही सुट्टी एक ते दीड, तसा कागद मालकांच्या सहीने दाराजवळ चिकटवलेला आहे, पार पिवळा पडलाय. प्रत्यक्षात आम्ही मशीनवरच डबा उघडायचो, दहा मिनिटांत गिळायचो आणि सव्वाच्या आत सगळी मशीनं पुन्हा घरघरायची. कुणी सांगितलेलं नव्हतं. संध्याकाळी फळ्यावर मागे पडलेल्यांची नावं लागायची, एवढं पुरे होतं. घाण्याच्या बैलाला निदान कुणीतरी जुंपावं लागतं. आम्ही आपल्या आपण मान आत घालायचो.

त्या दिवशी अक्काने डबा बंद केला, ड्रॉवरमधून मार्किंगचा खडू घेतला आणि मागच्या अंगणात गेली. तिथे कापलेल्या कापडाचे गठ्ठे उतरतात. बराच वेळ आली नाही म्हणून मी खिडकीतून डोकावले. तिने फरशीवर आठ घरं आखली होती. चपला भिंतीशी काढून ठेवल्या होत्या. कोटाचं एक मोठं बटण ठिकरी म्हणून पहिल्या घरात टाकलं आणि ही त्रेपन्न वर्षांची, भरल्या अंगाची बाई लंगडी घालत निघाली.

तिसऱ्या घरात तोल गेला. भिंत धरली आणि एकटीच हसली, पोट धरून. चोवीस वर्षं शेजारी बसून मी ते हसू ऐकलं नव्हतं. मग ती गठ्ठ्यांवर आडवी झाली, डोळे मिटले, आणि दीडच्या ठोक्याला खुर्चीवर हजर.

"अक्का, म्हातारचळ लागला का?"

"लागला," ती म्हणाली. "तूही ये उद्या."

मी गेले नाही. माझ्या साठ कॉलर बाकी होत्या. माझ्या नेहमीच साठ बाकी असतात.

पण ती रोज जायला लागली. एकदा मी चिडून विचारलं, त्या घरांमध्ये आहे तरी काय एवढं? ती जरा विचार करून म्हणाली, "एका पायावर उभी असते ना, तेव्हा मनात दुसरं काही मावतच नाही. ना पोराची नोकरी, ना गॅस संपला ते. माझा पाय आणि ती रेघ, बस. तेवढा वेळ मी असते."

आमच्या सुपरवायझरला आम्ही घड्याळ म्हणतो, कारण तो माणसाकडे बघण्याआधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतो. आठवडाभर त्याने कळ काढली. मग अंगणाच्या दारात उभा राहून मोठ्याने म्हणाला, "रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी!"

"न्हावी रिकामा आहे, कारण सुट्टी आहे," अक्का लंगडी न मोडता म्हणाली. "दाराजवळचा कागद वाचा."

"तो कागद जुना आहे."

"मीही जुनी आहे."

"उद्या सगळ्या जणी येतील इथे!"

"मग घरं मोठी आखावी लागतील."

सगळ्या जणी काही गेल्या नाहीत. आम्ही खिडकीतून बघायचो, चेष्टा करायचो आणि मशीन चालू ठेवायचो. मला तर तिचा रागही यायचा. एका रविवारी भर दुपारी मी तिच्या घरी गेले, तर ती आणि तिचा नवरा, बस चालवतो तो, पलंगावर पत्ते खेळत बसलेले. मोरीत भांड्यांचा ढीग. माझी नजर तिकडेच. "भांडी पळून जात नाहीत गं," अक्का म्हणाली, "मी रोज वाट बघते." नवरा पान लपवत होता, ते तिने पकडलं आणि दोघं लहान पोरांसारखे भांडले. मला धड बसवेना. मी उठून चार भांडी घासली आणि घरी आले.

मग सूनबाई आल्या. मालक आता थकले, कारखाना त्यांची सून बघते. बाई वाईट नव्हती, हीच तर पंचाईत. वाईट माणसाशी भांडता येतं. तिने तपासणीच्या वह्या काढल्या आणि तिला दिसलं की अक्का अंगणात खेळायला लागल्यापासूनच्या चार महिन्यांत तिचा एकही शर्ट परत आलेला नाही. तिने अक्काला केबिनमध्ये बोलावलं. अक्का मला सोबत घेऊन गेली. म्हणाली, "मोठे शब्द आले तर तू ऐक."

मोठे शब्द आलेच. सूनबाई म्हणाल्या, "अक्का, तुम्ही आमचे डोळे उघडलेत. हे आपण सगळ्यांसाठी सुरू करू. रोज सव्वा ते दीड. शिट्टी वाजली की रांगा लावायच्या, पाळीपाळीने खेळायचं. कोण किती घरं खेळली ते फळ्यावर लिहू. ताजंतवानं माणूस जास्त काम करतं, वीस टक्के तर सहज. आणि प्रमुख तुम्ही! मशीनवर बसायचं नाही आता. खेळ घ्यायचा आणि तपासणी बघायची."

अक्काने विचारलं, "ज्यांना खेळायचं नसेल त्यांचं काय?"

"गरज सगळ्यांनाच असते हो, फक्त कळत नाही."

"मग मला नको."

"का बरं?"

"ते कामच झालं की."

सूनबाई हसल्या. पण हसता हसता हेही म्हणाल्या, की कारखान्याच्या जागेत कुणी मनाला येईल ते करायचं असं चालत नाही. वरच्या मजल्यावर दोरे कापायला माणसं कमी आहेत. सोमवारपर्यंत विचार करा.

दोरे कापणं म्हणजे शिवून झालेल्या शर्टाचे लोंबते धागे छाटणं. नवख्या माणसाला पहिल्या दिवशी देतात ते काम. जिन्यात मी अक्काला फैलावर घेतलं. "दैव देतं आणि कर्म नेतं ते असं! पाठ टेकायला खुर्ची मिळत होती. गुडघे वाचले असते. खेळायचंच आहे ना तुला? मग ती खेळ म्हणतेय तर खेळ!"

ती पायरीवर थांबली. "चोवीस वर्षांत यांना काय नाही दिलं? डोळे दिले, पाठ दिली, सगळ्या सकाळी दिल्या. अर्धा तास उरलाय. तोसुद्धा शिट्टीवर देऊ?"

"मग मशीन जाईल तुझं."

"माहीत आहे," ती म्हणाली आणि जिन्याचा कठडा धरला. त्या मशीनचं तेल ती कुणाला घालू द्यायची नाही. मला वाटलं, घाबरली आहे, ऐकेल.

सोमवारी सव्वा वाजता आम्हा चौतीस जणींना अंगणात उभं केलं. फरशीवर ऑइलपेंटने चार रांगांत घरं रंगवून घेतली होती, मोजून, पट्टी लावून. घड्याळाच्या गळ्यात शिट्टी. मालकही खुर्ची टाकून बसले होते. स्वतः कटिंग मास्तर म्हणून सुरुवात केलेला माणूस. सूनबाई म्हणाल्या, "अक्का, तुम्ही सुरुवात करा." शिट्टी वाजली.

अक्का चालत गेली आणि गठ्ठ्यावर बसली.

पुन्हा शिट्टी.

"अक्का?"

"आज खेळावंसं वाटत नाहीये."

खिसेवाली फिसकन हसली. सूनबाईंना कळेना. "अहो, तुम्हाला तर आवडतं ना?"

"आवडतं तेव्हा खेळते. आज पडावंसं वाटतंय." आणि ती खरंच आडवी झाली, सगळ्यांच्या देखत, मालकांच्या देखत.

"असं कसं चालेल? मग याचा उपयोग काय?"

अक्काने मान उचलली. ती रागावलेली नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. "काही उपयोग नाही, सूनबाई. माझं उपयोगाचं जे काही होतं, ते सगळं तुमच्याकडे आहे. हे बिनउपयोगाचं तेवढं माझं राहू द्या."

मला वाटलं, मालक तरी काही बोलतील. ते कधीकाळी याच फरशीवर बसून डबा खाल्लेले. ते काही बोलले नाहीत, मला आजही त्यांचा राग आहे. आणि मीही काही बोलले नाही.

"उद्यापासून वर," सूनबाई म्हणाल्या.

"जाते," अक्का म्हणाली. "पण एक ते दीड वरसुद्धा एक ते दीडच असतं."

ती वर गेली. तिच्या खुर्चीवर एक नवी बाई आली आणि बाह्यांना चुण्या पडायला लागल्या. आमचा खेळ रीतसर सुरू झाला. शिट्टी, रांग, फळा. मी पहिल्या आठवड्यात अकरावी आले. अकरावी आल्याचं मला वाईट वाटलं, याहून वाईट काय सांगू? काही जणींना मजाही यायची, खोटं कशाला बोला. तिसऱ्या आठवड्यात मोठी ऑर्डर आली आणि सूनबाईंनी सांगितलं की तूर्त खेळ बंद. आमच्या ताजंतवानं होण्याची तेवढीच मुदत होती. दुसऱ्या दिवशी आम्ही दहा मिनिटांत डबे गिळले आणि मशीनं घरघरायला लागली.

वरचा मजला म्हणजे नुसत्या लाकडी फळ्यांचा माळा आहे. सव्वा वाजायच्या सुमाराला आमच्या डोक्यावर आवाज झाला. धप. थोडं थांबून पुन्हा धप. मग लागोपाठ दोनदा. फळ्यांतून धूळ खाली आली, माझ्या कॉलरींवर पडली.

घड्याळ वर बघून ओरडला, "काय चाललंय?"

"जेवणाची सुट्टी!" वरून अक्काचा आवाज आला. पुन्हा धप.

तो जिन्याकडे दोन पावलं गेला आणि दाराजवळच्या कागदाशी थांबला. वर काय जाऊन सांगणार? त्याच्या हातात तिचं घेण्यासारखं आता काही उरलंच नव्हतं, मशीन तर आधीच घेऊन झालं होतं. तो आमच्याकडे वळला. "तुमचं चालू द्या."

मी पेडलवरून पाय काढला. माझ्या साठ कॉलर बाकी होत्या.

तो माझ्याजवळ आला. "मशीन बिघडलं?"

"नाही."

"मग काय झालं?"

"काही नाही. सव्वा वाजलाय."

तो माझ्या डोक्याशी उभाच राहिला. माझे हात शिवशिवत होते, कुठे ठेवावेत तेच कळेना, शेवटी मांडीवर ठेवले. वर तिचा तोल गेला असावा, कारण ती हसली. घड्याळ म्हणाला, संध्याकाळी नाव फळ्यावर लागेल. मी म्हटलं, लावा. दीड वाजेपर्यंत मी तशीच बसून होते, आणि ती पंधरा मिनिटं मी कुणालाही दिली नाहीत.