सरांची चिठ्ठी

"अर्धं बी त्यांना बांधून दे. बराबर अर्धं."

सर स्टोअरकीपरला सांगत होते. दाराबाहेर उभी असलेली मी हबकलेच. मक्याच्या त्या नव्या वाणावर आमचे तीन हंगाम गेले होते, अजून एक ओळही छापून आली नव्हती. आणि मागणारा कोण, तर परक्या संशोधन केंद्रावरचा, कधी न पाहिलेला माणूस. त्याचं नुसतं पोस्टकार्ड आलं होतं.

"सर, छापायच्या आधीच?" मी कसंबसं विचारलं. इंग्रजी शाळेतून आलेली मी, बदनापूरच्या त्या प्लॉटवर दिवसाला चार वाक्यं बोलले तर पुष्कळ.

"मंग? डब्यात ठिवून लोणचं घालायचं का त्याचं? त्यांच्या मातीत ते कसं वागतं, ते आपल्याला कळल की."

असा मोकळ्या हाताचा माणूस तुम्हीही पाहिला असेल. पण सर प्रत्येक पुडीत एक चिठ्ठी घालत, आणि तिच्यात फक्त दोष लिहीत. कणीस लहान. खोड वाऱ्यात लवतं.

"सर, पोरीचं स्थळ असं दाखवाल तर झालं कल्याण!" स्टोअरकीपर म्हणायचा.

"म्हणून तर देवानं मला पोरगी न्हाई दिली."

त्या दिवशीही चिठ्ठी लिहून त्यांनी मला विचारलं, "काही राह्यलं का, बेटा?"

राहिलं होतं. परका पराग पडू नये म्हणून कणसांवर आम्ही कागदी पिशव्या घालतो. फुलोऱ्यात माझ्या हातून एक पिशवी फाटली होती. मी ती टाचणीने बंद केली आणि कुणालाच बोलले नाही. आताही मी नकारार्थी मान हलवली. बी त्या केंद्रावर आणि मागणाऱ्या आणखी चार केंद्रांवर गेलं.

दोन महिन्यांनी, एका सकाळी मी प्लॉटवर पोचले तर गेटवर सगळे जमलेले. सर रात्री गेले होते. आदल्या संध्याकाळी त्यांनी माझ्या वहीवर सही केली होती. ती शाई मी किती वेळ बघत राहिले.

पुढच्या हंगामात आमच्या ओळीत चार झाडं बाकीच्यांपेक्षा हातभर उंच निघाली. परक्या परागाची संकर झाडं. पाचही केंद्रांवर तसंच झालं असणार.

सगळ्या केंद्रांच्या वार्षिक बैठकीत कुणीतरी हळहळत म्हणालं, "सरांच्या बियात भेसळ निघाली. वय झालं होतं, नजर चुकली असेल." बाकीच्यांनी माना हलवल्या. खरं काय ते त्या खोलीत मला एकटीलाच माहीत होतं.

मी उभी राहिले.

"सरांची नजर चुकली नाही. पिशवी माझ्या हातून फाटली होती. त्यांनी विचारलं, आणि मी नाही म्हणाले."