आमच्या खुर्च्या

कापसाचा भाव वर्षामागून वर्ष दगा देत होता, त्या काळात तिवशाजवळच्या आमच्या गावात परदेशी पैशावर चालणाऱ्या एका संस्थेची जीप येऊ लागली. एकटीने मुलं वाढवणाऱ्या बायकांना दोन बकऱ्या आणि मुलांच्या शाळेचा खर्च, अशी मदत होती. मागणाऱ्या पुष्कळ, बकऱ्या थोड्या. म्हणून घरोघर पाहणी करायची आणि घरात जे दिसेल त्याला गुण द्यायचे: पंखा, खुर्च्या, चांगली भांडी. गुण वाढले की नाव गळायचं. हे कोणाला सांगायचं मात्र नाही, नाहीतर लोक सामान लपवतील. मी पतसंस्थेत हिशेब तपासणारा, म्हणून मला बरोबर यायची विनंती झाली. ती मला आवडली, हेही लिहून टाकतो.

तिसरं घर आमच्या शेजारणीचं होतं. नवरा काविळीने गेलेला, दोन मुली, रोजमजुरी. बकऱ्या कोणाला द्याव्यात असं मला कोणी विचारलं असतं, तर मी तिचंच नाव घेतलं असतं.

आत गेलो तर घर ओळखू येईना. अंगण सारवलेलं, चार खुर्च्या मांडलेल्या, कोपऱ्यात टेबलफॅन फिरतोय, सोनेरी काठाच्या कपबशा. परदेशातून बाई येणार, तिला काय पोत्यावर बसवायचं? म्हणून शेजारणीने अर्ध्या गल्लीतून सामान गोळा केलं होतं. खुर्च्या माझ्या बायकोने मला न सांगता दिल्या होत्या.

"घ्या ना मॅडम, गरिबाघरचं गोड मानून घ्या," म्हणत ती पोहे पुढे करत होती. परदेशी बाई पंख्याकडे बघून संस्थेच्या अमरावतीच्या ऑफिसातून आलेल्या मुलीशी हळूच काही बोलली. मुलीने मान हलवली, खुर्च्या मोजल्या आणि लिहिलं. नाव गळत होतं, हे मला दिसत होतं.

मी मोठ्याने म्हणालो, "मॅडम, खुर्च्या लिहू नका, त्या माझ्या घरच्या आहेत. पंखा समोरच्यांचा. कपबशाही मागून आणलेल्या. या घरात एक खाट सोडली तर काही नाही."

दारात बायका जमल्या होत्या. त्यांतली एक म्हातारी म्हणाली, "मंग आमच्या कपबशा सांभायून धुजो म्हणा माय," आणि दोघीचौघी हसल्या. शेजारणीच्या हातातली पोह्यांची ताटली तशीच राहिली. तिची थोरली मुलगी, सातवीतली, खुर्चीवर बसलेली होती. ती उठली, ओढणीने खुर्ची पुसली आणि भिंतीपाशी जाऊन उभी राहिली.

गुण खोडून नवे लिहिले गेले. जीपमध्ये ती ऑफिसातली मुलगी म्हणाली, "तुमच्यासारखी माणसं पाहिजेत काका." मी खूश होतो.

संध्याकाळी शेजारीण खुर्च्या घेऊन आली. धुऊन आणल्या होत्या.

"भाऊजी, बाहेर रस्त्यावर सांगतलं असतं त्या मॅडमले, तर चाललं नसतं काय?"

"तुझं नाव जात होतं. मी खरं तेच सांगितलं."

"मी कुठी खोटं म्हणून राहिली? पण माह्या पोरीसमोर काहून सांगतलं?"

मी खुर्च्या उचलून आत नेऊन ठेवल्या. तिच्या दारापासून जीपपर्यंत मला हवा तेवढा वेळ होता. पण तिथे ऐकायला गल्ली नव्हती.

ती गेल्यावर बायको म्हणाली, "बकऱ्या भेटतीन तिले. पण तुमी तिची इज्जत मोजून दाखवली लोकायले."

बकऱ्या मिळाल्या. मुलींची शाळाही सुटली नाही. हिशेबाने पाहिलं तर त्या घराचं भलंच झालं, आणि बरीच वर्षं मी स्वतःला हा हिशेब ऐकवत राहिलो. आता तो ऐकवत नाही. पूर्वी आमच्या दोन्ही घरांत रोजची देवघेव होती. चिमूटभर चहापत्ती, चमचाभर विरजण, कधी ती यायची, कधी माझी बायको जायची. त्या दिवसापासून तिने आमच्या घरी काही मागितलेलं नाही. विरजण आणायला ती गल्लीच्या टोकाला जाते. मी ओट्यावर बसलेला दिसलो, तर "जेवले काय भाऊजी?" असं विचारते, आणि वाटी पदराखाली घेते.