बाबांचं लोखंडी रॉकेट

बाबांचा हात लोखंडावर जसा चालायचा तसाच आमच्यावरही चालायचा. वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपात ते लेथवर, लोखंड कातायच्या मशीनवर, कामाला होते. डोंबिवलीच्या आमच्या खोलीत त्यांच्या पट्ट्याला खुंटी होती, पण पट्टा खुंटीवर क्वचितच असायचा. थोरला भाऊ अकरावीत नापास झाला तेव्हापासून तर शेजारीही सोडवायला येईनासे झाले.

भावाला रॉकेटचं वेड. वर्तमानपत्राच्या सुरळ्या खळीने चिकटवायचा आणि फटाक्यांतली दारू त्यात भरायचा. एकदा तरी बाबांनी शाब्बास म्हणावं, एवढ्यासाठीच सगळी धडपड. मला त्याची चीड यायची. वळ अंगावर असताना कौतुक कसलं मागतोस?

एक रॉकेट गच्चीवर जोडातच फाटलं. बाबांनी ते पायाखाली चिरडलं. "कागदात कसला दम? मी आणतो बनवून."

आणि खरंच आणलं. लोखंडी नळी, दोन्हीकडे आटे पाडून गच्च बसवलेली झाकणं, खालच्या झाकणाला सुईएवढं भोक. काही गळता कामा नये, हेच ते जन्मभर करत आले होते.

"बाबा, भोक मोठं हवं. जाळ बाहेर पडायला नको?" भाऊ म्हणाला.

थोबाडीत अशी बसली की ओठ फुटला. "मला शिकवतोस? अर्धं आयुष्य गेलंय माझं लेथवर!"

रविवारी आम्ही तिघं आंबिवलीपलीकडे नदीकाठी गेलो. भाऊ वात पेटवायला वाकला, तर बाबांनी त्याला लाथ घालून दूर ढकललं आणि स्वतःच काडी लावली. तो उताराखाली चिखलात पडला, म्हणून वाचला. स्फोट कानांनी ऐकलाच नाही मी, तो छातीत बसला. नळीच्या चिंधड्या बाभळीत घुसल्या. बाबा आपल्या उजव्या हाताकडे बघत उभे होते. त्याला अंगठा नव्हता, दोन बोटं नव्हती.

मला वाटलं, बरं झालं.

भावाने शर्ट फाडून हात बांधला, बोंबलत रिक्षा थांबवली. कल्याणच्या दवाखान्यापर्यंत त्याने तो हात सोडला नाही.

पट्टा मग खुंटीवरच राहिला. डाव्या हाताने जेवणार नाही, हा बाबांचा हट्ट, म्हणून भाऊ त्यांना भरवायचा. एका दुपारी त्यांनी आमटीभाताच्या घासापासून तोंड फिरवलं.

"भोक मोठंच हवं होतं," ते भिंतीकडे बघत म्हणाले.

भावाने घास तसाच पुढे धरला. थोडा भात सांडला.

"जेवा आता," तो म्हणाला.