आधी फडकं, मग कॉफी

माझ्या साडूंइतकी कॉफीची दुकानं पाहिलेला आणि त्यांच्याइतकी कमी कॉफी प्यायलेला माणूस अख्ख्या कतारमध्ये दुसरा सापडायचा नाही. आम्ही दोघंही दोह्यातल्या बिन महमूद भागात राहायचो, दोन इमारती सोडून. ते रोज पहाटे कंपनीच्या बसने रास लफानच्या गॅस प्रकल्पावर जायचे आणि तिथे दिवसभर पाइपांचे जोड तपासायचे. वेल्डरने जोड लावायचा, साडूंनी त्यात खोट काढायची, हा पंचवीस वर्षांचा शिरस्ता. शनिवारी सुट्टी असली, की आमच्या बायका, म्हणजे सख्ख्या बहिणी, आठवड्याभराचं बोलायला बसत आणि आम्हाला "जा, कॉफी पिऊन या" म्हणून बाहेर काढत. बिचाऱ्यांना वाटायचं आम्ही कॉफी पितो. खरं तर आम्ही दुकानं बघायचो. सकाळी दहाला निघून चार दुकानं पालथी घालायची आणि दुपारी घरी येऊन माठातलं पाणी प्यायचं, असे माझे कितीतरी शनिवार गेले आहेत.

त्यांची परीक्षा रस्त्यावरूनच सुरू व्हायची. दुकानाच्या काचेसमोर ते हात मागे बांधून उभे राहत आणि आत कोण बसलंय ते बघत. सगळे लॅपटॉप उघडून बसलेले आणि कप रिकामे दिसले, की "हे वायफायला आलेत" म्हणून पुढे. शेजारच्या दुकानातले नोकर इथे येऊन कॉफी घेतात का, हे पाहायला एकदा त्यांनी मला भर जुलैत पंधरा मिनिटं फुटपाथवर उभं केलं होतं. माझ्या शर्टाचं फडकं झालं, पण एकही नोकर आला नाही. "बघा, यांना आतलं माहीत असतं," असं म्हणून साडू गाडीकडे वळले. नंतर मला कळलं, की शेजारचं दुकान त्या दिवशी बंदच होतं. मी ते त्यांना आजतागायत सांगितलेलं नाही.

साडूंनी दार ढकलून आत जावं एवढं भाग्य ज्या दुकानाला लाभे, त्याची खरी कसोटी पुढे असे. आधी वास. उदबत्तीचा, ऊदचा, फिनेलचा, कसलाही वास आला की संशय, कारण वासाने वास झाकतात. मग वाफेच्या नळीवर दुधाची साय वाळली आहे का आणि ती पुसायचं फडकं कुठल्या रंगाचं आहे. त्यांच्या मते कॉफीच्या दुकानाची पत्रिका त्या फडक्यात असते. मग यादी. यादीत पिस्ता, गुलाब किंवा केशर दिसलं की ते माझ्याकडे करुणेने बघत. कॉफीच्या चवीवर यांचा स्वतःचाच विश्वास नाही, असं त्यांचं मत होतं. शेवटी टेबल. बसण्याआधी टेबलावर पंजा ठेवून ते दाबून बघायचे, आणि ते डुगडुगलं तर उठायचे, म्हणजे न बसताच उठायचे. मी एकदा वैतागून म्हणालो, की अहो, आधी एक कप मागवू, वाईट निघाली तर सांगू. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "पैसे दिल्यावर दोष दिसला तर ती तक्रार. आधी दिसला तर ती तपासणी. तक्रार कोणीही करतो."

या सगळ्यासाठी त्यांच्या खिशात कामावरची पेनाएवढी बॅटरी असायची. मुशैरिबच्या एका चकचकीत दुकानात त्यांनी ती काढली आणि कॉफीच्या बिया दळायच्या यंत्रात उजेड टाकून वाकून बघायला लागले. यंत्रामागचा नेपाळी मुलगा पांढरा पडला. तो आत पळाला आणि केरळी मॅनेजरला घेऊन आला. मॅनेजर माझ्या कानाशी लागला, "सर बलदिया से हैं?" बलदिया म्हणजे इथली नगरपालिका, आणि तिचा खाण्याचे पदार्थ तपासणारा माणूस म्हणजे इथल्या हॉटेलवाल्यांचा यमदूत. मी नाही म्हणेपर्यंत भिंतीवरची सगळी प्रमाणपत्रं खाली उतरवून साडूंसमोर मांडली गेली होती. दुसरा कोणी असता तर गैरसमज दूर करून मोकळा झाला असता. साडूंनी खुर्ची ओढली आणि प्रत्येक कागद पहिल्या ओळीपासून वाचला. एकाची मुदत पुढच्या आठवड्यात संपत होती, तिथे बोट ठेवून ते म्हणाले, "ये रिन्यू करा लो." मॅनेजरने दोनदा शुक्रन म्हणून आभार मानले. आम्ही बाहेर आलो. फुकटची सोडा, विकतचीसुद्धा कॉफी मिळाली नव्हती.

बरं, नापास केलेल्या दुकानाला त्यांनी कायमचं टाकलं असतं तरी माझी सुटका झाली असती. पण त्यांच्या धंद्यात तशी रीत नाही. दोष काढला की त्याचा पॉइंट ओपन होतो. तो दुरुस्त झाला का हे बघायला इन्स्पेक्टरला पुन्हा जावंच लागतं, त्याशिवाय पॉइंट क्लोज होत नाही आणि काम संपत नाही. त्यामुळे सहा महिन्यांपूर्वीच्या मळक्या फडक्यासाठी आमची वरात पुन्हा त्याच दुकानात. एकदा खरोखर फडकं स्वच्छ निघालं. आनंदाने माझे डोळे भरून यायचे बाकी होते. मी काउंटरकडे धावलो आणि मागे वळून बघतो तर साडू टेबलावर पंजा ठेवून उभे. नवा पॉइंट ओपन झाला होता.

हेच गृहस्थ घरी मात्र ताईंनी, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीने, स्टीलच्या पेल्यात दिलेली बाटलीतल्या पुडीची कॉफी तोंडातून ब्र न काढता पीत. विचारलं तर म्हणत, घरी मी ड्यूटीवर नसतो. ताईंचं म्हणणं वेगळं होतं. मुलगी बघायला आले तेव्हा कांदेपोह्यांच्या बशीला हात लावण्याआधी या माणसाने पाहुण्यांची खुर्ची हलवून पाहिली होती. खुर्ची डुगडुगली, तरी होकार दिला. "एवढ्या एका वेळेलाच नियम मोडला," ताई सांगायच्या, आणि साडू पेल्यात बघत राहायचे.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. मग त्यांच्या रेवाने कॉफीचं दुकान काढलं.

रेवा त्यांची एकुलती एक. शिकली इथेच, इंजिनिअर पुण्यात झाली, आणि इथल्या एका ठेकेदाराकडे दोन वर्षं नोकरी करून एक दिवस ती सोडून आली. फिलिपिनो मैत्रिणीच्या भागीदारीत मुशैरिबच्या एका बोळात तिने सहा टेबलांचं दुकान घेतलं. साडू महिनाभर "हं" एवढंच म्हणत होते. उघडण्याच्या दिवशी आम्ही झाडून सगळे गेलो. साडू आमच्याबरोबर बोळाच्या तोंडापर्यंत आले आणि समोरच्या फुटपाथवर थांबले ते थांबलेच. आत येईनात. रेवा सगळ्यांना कप देत होती आणि दर मिनिटाला दाराकडे बघत होती. शेवटी माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाली, "काका, बाबांनी आत येऊनसुद्धा नाही बघितलं. बाहेरूनच फेल?"

मला त्या माणसाचा इतका राग आला, की पुढचे तीन शनिवार मी त्यांच्याशी फक्त हवेबद्दल बोललो. त्या तीनही शनिवारी ते तो बोळ टाळून लांबून गाडी घेत होते. चौथ्या शनिवारी मी गाडीतच विषय काढला. पोरगी तुमची वाट बघतेय, म्हणालो, तिने नोकरी सोडली हा राग असेल तर तोंडाने सांगा, तिला असं टांगून ठेवू नका. साडूंनी गाडी बाजूला घेतली.

"राग कसला?" ते म्हणाले. "आमच्याकडे नियम आहे. आपल्या माणसाचं काम आपण तपासायचं नाही."

"मग तपासू नका. नुसती कॉफी प्या."

"तपासल्याशिवाय मला येत नाही हो," ते म्हणाले. "मी आत गेलो की मला दिसणार. दिसलं की मी बोलणार. पुलाच्या वेळी बोललो होतो."

तो पूल मला ठाऊक होता. रेवा नववीत असताना आइस्क्रीमच्या काड्यांचा हातभर पूल तिने शाळेसाठी केला होता. साडूंनी तो अंगठ्याने दाबून पाहिला आणि तिसरा जोड कच्चा आहे म्हणाले. जोड कच्चाच होता. रेवाने सगळा पूल काडी काडी सोडवला आणि दुसऱ्या दिवशी रिकाम्या हातांनी शाळेत गेली. त्यानंतर तिने हाताने काही म्हणून केलं नव्हतं, थेट या दुकानापर्यंत. घरात सगळे ते विसरले होते असं मला वाटत होतं. वेल्डरांची हजारो कामं नापास करून गाढ झोपणारा हा माणूस त्या एका जोडासाठी दहा वर्षं मनात कुढत होता. माझा राग कुठल्या कुठे गेला.

पुढच्या शनिवारी ते स्वतःहून म्हणाले, यल्ला, चला रेवाकडे. बोळाच्या तोंडाशी त्यांनी चष्मा काढला, खिशात ठेवला आणि माझा दंड धरला. चष्म्याशिवाय साडूंना माझ्यात आणि विजेच्या खांबात फरक करता येत नाही. मी त्यांना धरून चालवत नेलं. दारातल्या कुंडीला पाय लागला तेव्हा तिला ते सॉरी म्हणाले. आत मी त्यांना भिंतीकडच्या टेबलाशी बसवलं. त्यांचा पंजा सवयीने टेबलाकडे गेला आणि अर्ध्यावरून परत मांडीवर आला.

रेवा हात पुसत आली आणि बघतच राहिली.

"बाबा, चष्मा कुठाय?"

"घरी राहिला."

चष्म्याची एक काडी त्यांच्या खिशातून बाहेर डोकावत होती. ती मला दिसत होती आणि रेवालाही दिसत होती. तिने एकदा खिशाकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मग अगदी धंद्याच्या आवाजात विचारलं, "काय घेणार?"

या प्रश्नापर्यंत साडू आयुष्यात फार कमी वेळा पोचले होते. ते गडबडले. "तू देशील ते," म्हणाले.

कॉफी आली. त्यांनी दोन्ही हातांनी कप चाचपला, प्यायले, मिशीला फेस लागला तो तसाच राहिला. रेवा उभीच होती. कशी आहे, तिने विचारलं. साडूंनी बराच विचार केला आणि म्हणाले, "गरम आहे. अजून एक दे." रेवा यंत्रामागे गेली आणि दुसरा कप करायला तिला चांगली दहा मिनिटं लागली. पाठमोरी होती, पण मला कळत होतं. मलाही कप जरा धूसरच दिसत होता, आणि मी तर चष्मा लावतच नाही.

पुढे वर्षभर शनिवारी आम्ही तिथेच जायचो आणि चष्मा दर वेळी घरी राहायचा. मग साडूंचं कंत्राट संपलं आणि ते आणि ताई कराडला परत जायला निघाले. शेवटच्या शनिवारी रेवाच म्हणाली, "बाबा, आज चष्मा लावा." त्यांनी तिच्याकडे पाहिलं, चष्मा लावला, खिशातली बॅटरी काढली आणि तासभर ते दुकान नखशिखांत तपासलं. कागदी पिशवीच्या पाठीवर त्यांनी नऊ दोष लिहून दिले. रेवाने वाद न घालता यादी घेतली आणि यंत्राशेजारी चिकटवली. पंधरा दिवसांत आठांवर काट मारून तिने कराडला फोटो पाठवले. नववा राहिला. भिंतीकडच्या टेबलाचा एक पाय आखूड आहे.

आता शनिवारी मी एकटाच जातो. इतर कुठल्याही दुकानात गेलो तर माझी नजर आधी फडक्यावर जाते, हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. परवा भिंतीकडच्या टेबलाशी बसलो तर कप डुगडुगायला लागला, म्हणून मी कागदी रुमालाची घडी करून त्या आखूड पायाखाली सारली. रेवाने लांबून पाहिलं. येऊन वाकली, ती घडी ओढून काढली आणि एप्रनच्या खिशात टाकली.

"काका, ते राहू दे. पॉइंट ओपन आहे," ती म्हणाली. "ओपन असला की इन्स्पेक्टरला परत यायला लागतं."

मी कप उचलून हातात धरला आणि कॉफी संपेपर्यंत खाली ठेवला नाही.