नीलांबरीचा लाल झेंडा

नीलांबरी ही बाई भांडकुदळ नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. उलट भिडस्त. हॉटेलात गार चहा आला तरी पिऊन टाकेल आणि वर थँक्यू म्हणेल. आणि अशा बाईला नाद कसला, तर रायफलचा! नागपूरला कॉलेजात असताना एनसीसीत नेमबाजीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मग लग्न, टेक्सास, दोन मुलं, फार्मसीतली दिवसभर उभं राहायची नोकरी. बंदुकीकडे बघायलाही सवड झाली नाही. मुलं शिकून पांगली तेव्हा ती नवऱ्याला, उल्हासला म्हणाली, "शुगर लँडचं घर पुरे झालं. मला जमीन हवी. मला परत नेम धरायचाय." उल्हास हसला, आणि तिचा चेहरा बघून हसायचा थांबला.

शहरापासून तासाभरावर त्यांनी मोठी जमीन घेतली. मागच्या टोकाला मातीचा उंच बांध घातला, बांधापुढे कागदाची टार्गेटं लावली. कौंटीच्या ऑफिसात जाऊन सगळं रीतसर विचारून घेतलं. पण कायद्यात बसलं म्हणजे शेजाऱ्याच्या मनात बसतं असं थोडंच आहे? बांधापलीकडे डेलचं कुरण होतं. डेल म्हणजे सत्तरीचा, उंच, अबोल गडी. बायको गेलेली. मुलगी नर्स, तिच्या ड्यूट्या वेड्यावाकड्या, म्हणून सहा वर्षांची नात मॅडी बहुतेक याच्याकडेच. बाकी गोतावळा शेळ्यांचा. बांधाच्या अंगालाच त्याचं एक छप्पर होतं, तिथे तो गाभण शेळ्या ठेवायचा.

पहिली गोळी सुटायच्या आधी नीलांबरी बेसनाचे लाडू घेऊन त्याच्या दारात उभी राहिली. म्हणाली, फक्त शनिवारी सकाळी, तासभर. त्याआधी आमच्या मागच्या पोर्चवर लाल झेंडा लागेल.

"झेंडा वर असला की बांधाजवळ कुणी यायचं नाही, मिस्टर डेल. आवाज येवो न येवो. आवाज थांबला म्हणून कुणी पुढे आलं, असं अजिबात नको. झेंडा उतरला की मगच."

डेलने लाडू आधी हुंगला, मग खाल्ला. "झेंडा वर, तर आम्ही लांब," तो म्हणाला. "शब्द दिला."

आणि गड्याने तो पाळला. शनिवारी झेंडा दिसला की शेळ्या पलीकडे हाकायच्या, मॅडीला घरात घ्यायचं. अधूनमधून शेळीच्या दुधाचं चीज यायचं, इकडून चकल्या जायच्या. ओळखीपाळखीचे लोक नीलांबरीला विचारायचे, "बंदूक चालवतेस आणि शेजारी बोलतो तुझ्याशी?" तिला त्याचा केवढा अभिमान होता!

मग आला पाडवा. गुरुवार होता. नवं घर, आणि घर बदलताना गुढीची काठी कुठे गेली कुणास ठाऊक. उल्हास म्हणाला, "अगं, तुझ्या झेंड्याची काठी आहे की! पोर्चवर आयती उभी."

तिने कपाळाला हात लावला. एवढं साधं कसं सुचलं नाही! त्या काठीला लाल खण बांधला, कडुनिंबाची डहाळी, साखरेची गाठी, वर तांब्या पालथा. दोघांनी हात जोडले आणि गाडीत बसून शुगर लँडला मंडळाच्या कार्यक्रमाला गेले. जेवण झालं, गाणी झाली. फोन पर्समध्ये, आवाज बंद करून. एवढी नेमबाज बाई, पण काठीवरचा लाल खण बांधापलीकडून कसा दिसेल, हे काही तिच्या डोक्यात आलं नाही.

दिवस कलता कलता परतले, गुढी उतरवायची म्हणून, तर फाटकापाशी डेल उभा, मॅडीचं बोट धरून. शर्टाच्या बाह्यांवर रक्त वाळलेलं.

"शेळी अडली होती," तो म्हणाला. "सकाळपासून. मला घरातून दिसत होती. तुला खूप फोन केले. शेवटी राहवलं नाही, लांबून वळसा घालून गेलो. उशीर झाला. शेळी वाचली, दोन्ही करडं गेली."

"पण... आम्ही घरात नव्हतोच. एकही गोळी..."

"तूच म्हणाली होतीस, आवाज येवो न येवो."

आता इथे सरळ माफी मागावी की नाही? म्हणावं, चूक माझी, हा झेंडा आता बाद, उद्याच दुसरी काही तरी खूण ठरवू. पण भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. नीलांबरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि ती गोड बोलत सुटली. हा आमचा नव्या वर्षाचा सण, हे कापड आनंदाचं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. गडबडीने गुढीची गाठी सोडून तिने मॅडीच्या गळ्यात घातली. साखरेची माळ! पोरगी हरखून गेली.

"लाल कापड लागलं की कँडी मिळते?" मॅडीने विचारलं.

"हो गं राणी, तुझ्यासाठी कधीही!" नीलांबरी म्हणून गेली.

डेलने टोपीला हात लावला, "हॅपी न्यू इयर" म्हणाला आणि नातीला घेऊन निघून गेला.

शनिवारी तिचं मन ठिकाणावर नव्हतं. पण मन ठिकाणावर यायचं तर तेवढी एकच जागा तिला ठाऊक होती. तिने झेंडा लावला, डेलला मेसेज केला, त्याचा अंगठाही आला. ती चटईवर पालथी झाली, रायफल खांद्याला लावली. दुर्बिणीत कागदावरचा काळा गोल स्थिर झाला. अर्धा श्वास सोडला. बोट ट्रिगरवर.

गोलाच्या वर, बांधाच्या माथ्यावर, पिवळं काही तरी हललं.

मॅडीचा फ्रॉक.

तिने बोट कसं काढलं ते तिचं तिलाही सांगता यायचं नाही. काडतूस काढलं, रायफल लांब ठेवली. पोरगी बांध उतरून हसत धावत आली. "मिस नीला, कँडी आहे?" नीलांबरी तिथेच गवतात ओकली.

आतून उल्हास धावत आला. सगळं ऐकून तो तिच्याशेजारी गवतात बसला. मग हळू आवाजात म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची. काही झालं नाही ना? पोरीला सोडून ये गुपचूप. त्याला कळलं तर संपलंच सगळं. तुझं शूटिंग, शेजार, सगळं."

"आणि कळलं नाही तर?" ती म्हणाली. "पुढच्या वेळी माझं बोट थांबेलच कशावरून?"

ती मॅडीचा हात धरून रस्त्याने डेलच्या घरी गेली. तो गोठ्यामागे मेलेली करडं पुरलेल्या जागेवर दगड रचत होता. नात घरात टीव्हीसमोर आहे अशी त्याची समजूत होती. नीलांबरीने एका दमात सगळं सांगितलं. दुर्बिणीत काय दिसलं ते, बोट कुठे होतं ते. काही गाळलं नाही.

डेलने हातातला दगड खाली ठेवला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"झेंडा वर होता?" त्याने विचारलं.

"होता, पण..."

"मग चूक आमची."

"नाही हो मिस्टर डेल! मीच तिला सांगितलं, लाल कापड म्हणजे कँडी. मीच वाटोळं केलं त्या झेंड्याचं. रागवा ना माझ्यावर! बोला काही तरी!"

पण त्याने ऐकलंच नाही. गडी शब्दाला पक्का, त्याला काय करणार? त्याने मॅडीला जवळ घेतलं आणि तसंच नीलांबरीसमोर उभं केलं.

"काय म्हणायचं?" तो म्हणाला.

मॅडीने मान खाली घातली. ओठ काढून, रडवेल्या आवाजात ती म्हणाली, "सॉरी मिस नीला. मी तुझ्या मध्ये आले."